कुंदाच्या टेबलाचा वरचा खण

कुंदा,

तेरवीच्या आत तुझं टेबल घराबाहेर गेलं पाहिजे असं तुझ्या नवऱ्यानं, विजयभाऊजींनी, ठरवलं, आणि इतकी वर्षं तुझ्याशी भांडत आलेली मी तुझ्या बाजूनं भांडायला उभी राहिले. यात माझं कौतुक काही नाही. मला राग आला होता. राग आला की माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून सावकाश येतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? धाकटी जाऊ म्हणून सगळ्यात जास्त तूच ते सोसलंस, आणि परतही केलंस.

दहावा झाला त्या दुपारची गोष्ट. नदीवरून आल्यावर तुझा नवरा जेवला नाही. चकोट केलेल्या डोक्यावरून हात फिरवत विजयभाऊजी मागच्या ओसरीत आले आणि टेबलासमोर उभे राहिले. तू सोडलं होतंस तसंच ते उभं होतं. आरसा काढून भिंतीशी टेकवलेला, त्याच्यावर तुझी जुनी साडी टाकलेली. खालचे तीन खण रंगवून झालेले, वरचा कोरा, नुसता खरवडलेला. टेबलाखाली काताचं पातेलं, त्यात वाळून तडे गेलेला थर. मी मागे तांब्या घेऊन उभी, की आता तरी पाणी मागतील.

“वहिनी, टेम्पोवाल्याले सांगतलं हाये,” ते म्हणाले. “तेरवीच्या आदल्या दिवशी येते तो. हे घेऊन जाईन.”

“कुठं?”

“जुन्या सामानवाल्याकडं. नाई तर कुठं बी. मले हे डोळ्यासमोर नको.”

मी तांब्या खाली ठेवला. “असं कसं नेता? ते माह्या बापाचं हाये.”

तेच वाक्य. ज्या वाक्यावर तू उन्हाळाभर हसलीस, माझी नक्कल करत मान वेळावून घरभर म्हणत फिरलीस, तेच.

खरं तर त्या टेबलावर माझं प्रेम होतं असं म्हणायची सोय नाही. माझ्या आंदणातलं ते. बेज्जूरकडचं सागवान आणून वडिलांनी मुधोळला सुतार घरी बसवून करून घेतलेलं. लग्नानंतर काही वर्षं माझ्या खोलीत राहिलं, मग लोखंडी कपाटं आली आणि ते मागे सरकत सरकत कोठीत गेलं. आपल्या दुकानाची पोती त्याच्यावर बसली. सुपारीची, काताची, बडीशेपेची. पानाच्या सामानाचा धंदा, घराचा कुठला कोपरा त्यातून सुटणार? मी त्या टेबलाकडे बघतही नव्हते. पण न बघितलेली वस्तू आपली नसते असं कुठं आहे?

तू मागितलं नाहीस. तू कळवलंस. “बाई, कोठीतलं आरशाचं टेबल मी घेऊन राह्यली.”

“कायले?”

“मले पाह्यजे.”

आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. सासऱ्यांची ही बहीण बोलली नाही तर तिला अन्न पचत नाही. “तुले ना लेक ना सून,” त्या म्हणाल्या. “सिंगाराचं टेबल कोनासाठी व?”

आता तू रडशील किंवा उठून जाशील असं वाटलं. तू सुपारी कातरत होतीस, अडकित्ता थांबलासुद्धा नाही. “माह्यासाठी,” म्हणालीस. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला, कुंदा. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्यास.

“घे,” मी म्हणाले. “पन रंगवायचं नाई. सागवान हाये ते.”

“पाहू.”

तुझं ‘पाहू’ म्हणजे ‘तुम्ही बोलत राहा’, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं! तरी मी आरसा पुसून दिला.

मग सुरू झालं तुझं. काचेच्या तुकड्यानं जुनं पॉलिश खरवडायचं, पॉलिशपेपरनं घासायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा घासायचं. पदर नाकातोंडाला बांधलेला, भुवयांवर लाकडाची पिवळी धूळ. मोबाईलवर कुठं तरी तसलं कपाट पाहिलं होतंस, तळाशी काळपट आणि वर चढता चढता फिकं होत गेलेलं. तो मोबाईल तू माझ्या नाकासमोर धरलास आणि मी म्हणाले, “एका झाडाचं लाकूड, त्याले चार रंग?”

“चार नाई बाई, रंग एकच. पातळ होत जाते फक्त.”

“धुन्यात रंग गेलेल्या लुगड्यावानी दिसन.”

“दिसू द्या. खाली मळ लागते, तिथं गडद पाह्यजे. वर कोन हात पुसते?”

“माह्या बापानं हे असं करायले दिलं नव्हतं.”

“तुमच्या बापानं पोती ठेवायले दिलं होतं का?”

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्याच स्वयंपाकघरात येऊन माझाच चहा पिऊन गेलीस, जणू काही झालंच नाही.

बाजारातला तयार रंग तुला नको होता. घरात काताची पोती असताना डबे कायले आणायचे, असं तुझं म्हणणं. कात उकळायचा, गाळायचा, आणि मोजमाप जिभेवर. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावायचीस. तळाच्या खणासाठी तोंड आवळून यावं इतका तुरट, त्याच्या वरच्याला जरा कमी, तिसऱ्याला आणखी कमी. एका खणाचा रंग दुसऱ्यात मिळून जावा म्हणून ओलं फडकं घेऊन कडेचा रंग वर ओढायचीस, आणि तेही सूर्य वर यायच्या आत. आपल्या आदिलाबादच्या उन्हात फडकं पोचेपर्यंत रंग सुकतो. मी माझ्या दारातून बघत असायचे. तुला वाटायचं मी नाक मुरडतेय. नाक मुरडतच होते, पण नजर हलत नव्हती. तळाचा खण काळ्या गुळासारखा, मधला पिवळ्या गुळासारखा, तिसरा त्याहून उजळ, आणि दोन खणांमध्ये रेघ शोधू म्हटलं तर सापडत नव्हती. वरच्याला नुसती छटा द्यायची आहे, असं म्हणाली होतीस. “कात होता का नव्हता असं वाटलं पाह्यजे, बाई. ते लय कठीन हाये.”

तिथंच राहिलं.

तर त्या दुपारी मी म्हणाले, ते माझ्या बापाचं आहे. विजयभाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. “दिलं होतं ना तुमी तिले?”

“वापराले दिलं होतं. देऊन टाकलं नव्हतं.”

खोटं. साफ खोटं. पण तुझं आहे म्हटलं असतं, तर बायकोच्या वस्तूवर हक्क नवऱ्याचा, आणि टेम्पो घेऊन गेला असता. तुझं टेबल वाचवायला ते तुझ्याकडून काढून घ्यावं लागलं. तू असतीस तर मला जित्ती सोडली नसतीस.

ते ओसरीच्या पायरीवर बसले. मला वाटलं मी जिंकले. मग ते बोलले, आणि कुंदा, ते ऐकल्यापासून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तुझ्या फोटोला हार घालतानासुद्धा मनात तुला शिव्याच दिल्या.

“तुमाले म्हाईत नाई, वहिनी. डॉक्टरनं तिले चैतातच सांगतलं होतं, हृदयाचं दुखनं हाये, नागपूरले जा, टाळू नका. मी गाडी ठरवून राह्यलो होतो. तं म्हने, खालचा खन होऊ द्या. तो झाला, तं म्हने दुसरा. दर खनाले एक वायदा. ‘वरचा झाला का त्याच दिवशी निंगू.’ मी चिडलो, बोललो. तं हसे.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“शपथ घातली होती. म्हने, बाईले सांगू नका. त्या मले उचलून नेतीन.”

नेलंच असतं! पोत्यासारखी टेम्पोत घालून नेली असती. तू लाथा झाडल्या असत्यास तरी नेली असती. हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू मला फसवलंस. माझ्या डब्यातून ओवा मागून नेत होतीस. “गॅस धरते, बाई.” आणि मी तुला ओवा देत होते, वर म्हणत होते की वांगी कमी खा. इतकं सरळ तोंड करून तू कधी खोटं बोलली नव्हतीस. माझ्याशी एवढा हट्ट केलास, प्रत्येक गोष्टीत वाद घातलास, आणि जो वाद घालायलाच हवा होता तो तेवढा टाळलास. त्यात मी जिंकले असते, म्हणून ना?

विजयभाऊजी उठले. “तुमचं हाये म्हनता, तं ठीक हाये. तुमी पूर्न करा अन् तुमच्या खोलीत न्या. पन असं अर्धं जर इथं राह्यलं, तं टेम्पो घेऊन जाईन. मंग मले अडवू नका.”

ते आत गेले. मी त्या टेबलासमोर उभी राहिले, आणि खरं सांगते, मला त्याच्यावर रॉकेल ओतावंसं वाटलं. यासाठी? या लाकडाच्या ठोकळ्यासाठी तू नागपूर टाळलंस? चार खणांची किंमत काय, आणि तू काय देऊन बसलीस? संध्याकाळपर्यंत माझं ठरत नव्हतं. जाऊ दे टेम्पोत, असंही एकदा म्हणून पाहिलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं, ओसरीत कोणी नव्हतं. मग वाटलं, गेलं तर काय उरतं? तू त्याच्यापायी गेलीस आणि तेही झालं नाही, एवढंच ना? ते मला सहन होईना. तू मूर्खपणा केलास हे मी कोणापुढेही म्हणेन, पण वाया गेलीस असं मला कोणी म्हणू नये. तेव्हा ठरलं. वरचा खण मी रंगवणार.

मला येत काय होतं? काही नाही. मी फक्त बघितलं होतं, आणि तेही नाक मुरडत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बसले. तुझं पातेलं घासलं, कात उकळला, मलमलच्या फडक्यानं गाळला. आमचे हे पंचा गुंडाळून ओसरीत आले, पातेल्यात डोकावले, माझा चेहरा बघितला आणि चहा न मागता दुकानात निघून गेले. शहाणा माणूस. मी पाणी घालत गेले आणि बोट जिभेला लावत गेले. पहिल्यांदा तोंड आवळलं, मग कमी, मग आणखी कमी. किती कमी म्हणजे तुझं कमी? तुझी जीभ मी कुठून आणू? खणाच्या आतल्या बाजूला एक हात मारून पाहिला. काही दिसलं नाही. ओलं होतं तेव्हा वाटलं आला रंग, सुकलं तर कोरं लाकूड. पुन्हा एक हात मारला. पुन्हा तेच. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. आत विजयभाऊजींच्या खोकण्याचा आवाज येत होता, दाराच्या अगदी मागून. ते बघत होते की नाही कोण जाणे. माझ्या कपाळावरचा घाम पातेल्यात पडेल म्हणून मी मान वळवून काम करत होते, आणि मनात एकच, की हे आज झालं नाही तर उद्या टेम्पो.

रंग येत नाही, रंग येत नाही, असं होऊन गेलं. आणि पानाच्या घरात जिचे केस पांढरे झाले ती बाई, कातातून रंग येत नाही म्हटल्यावर काय करील? माझा हात आपोआप फळीवरच्या चुन्याच्या डबीकडे गेला. खरंच सांगते, मी विचार केलाच नाही. पान लावताना करतो ना आपण? कात लावला की चुना. बोटाच्या टोकावर घेतला आणि पातेल्यात ढवळला. पाण्याला असा सुरेख रंग चढला, कुंदा! मला वाटलं, आता जमलं. तुला जे जमायला कठीण वाटत होतं ते मला एका बोटानं जमलं. तो एक क्षण मी तुझ्यावर हसलेसुद्धा.

खण आडवा ठेवला आणि फडक्यानं रंग दिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता, तू द्यायचीस तसा. ओलं होतं तोवर ठीक होतं. मग सुकायला लागलं आणि लाल होत गेलं. मी बघत होते आणि ते लाल होत होतं. खाऊन रंगलेल्या ओठांसारखं लाल. मी ओलं फडकं घेऊन पुसायला लागले. जोरात घासलं. पाणी बदललं, पुन्हा घासलं. वाळलेलं सागवान, त्यानं तहानेल्यासारखा रंग पिऊन घेतला होता. फडकं कोरं निघत होतं आणि खण तसाच. पॉलिशपेपर आणला तर कोपऱ्यात पांढरा ओरखडा उठला, ते पाहून तो टाकून दिला. काळा, पिवळा, त्याहून उजळ, आणि त्याच्यावर हा असा लाल! रंग मिळून जाणं तर दूरच, हा खण बाकीच्या तिघांशी भांडून वेगळा निघाल्यासारखा दिसत होता. मी जमिनीवर बसले आणि रडले. तू गेलीस त्या दिवसापासून मी धड रडले नव्हते. आल्यागेल्याचं करण्यात दिवस गेले होते. चुन्यासाठी रडले म्हण हवं तर.

खण घातला, टेबलावर चादर टाकली, आणि दिवसभर कोणाला ओसरीत येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. बाहेरून हॉर्न. मग ड्रायव्हर आत डोकावून, “अम्मा, टेबल कौनसा है? जल्दी करो, स्टेशन से माल उठाना है मेरे को.” मी ओसरीच्या दारात दोन्ही हात पसरून उभी. वेड्यासारखी दिसत असणार. विजयभाऊजी आले, माझ्या हाताखालून वाकून आत गेले आणि त्यांनी चादर ओढली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. टेबलाकडेच बघत राहिले. ते खाली बसले. तळाच्या खणावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. लाल खणापाशी हात थांबला. बोट टेकवलं, नाकाशी नेलं. पानाच्या धंद्यातला माणूस, त्याला काय सांगायचं?

“चुना घातला?”

“हाव.”

“कायले?”

“रंग येत नव्हता.”

“तिले तेच तर पाह्यजे होतं, वहिनी. येऊन न आल्यासारखा.”

“मले नाई जमलं ते.”

बाहेर हॉर्न वाजला. ते उठले नाहीत. “तुमचं हाये ना हे?” त्यांनी विचारलं. “पूर्न झालं. मंग आता न्या तुमच्या खोलीत. मी एक बाजू धरतो.”

आता न्यायचं म्हणजे तुझ्या दारातून उचलून माझ्या दारात ठेवायचं, आणि मी सांगितलेलं खोटं कायमचं खरं करायचं. एवढं केलं असतं तर टेबल वाचलं असतं, आणि तू त्याच्यातून पुसली गेली असतीस.

“नाई,” मी म्हणाले. “माह्यं नाई ते. दिलं होतं मी तिले. त्या दिवशी खोटं बोलली.”

“म्हाईत हाये मले.”

“म्हाईत हाये?”

“तिनं सांगतलं होतं. म्हने, बाईनं टेबल दिलं अन् वरून आरसा पुसून दिला.”

“मंग मले पूर्न करा म्हनलं कायले?”

त्यांचा चेहरा असा झाला, कुंदा, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. “मले कुठं करता येत होतं?” ते म्हणाले. “तो कोरा खन पाह्यला का मले वाटे, अजून निंगायचं हाये नागपूरले. रोज सकाळी वाटे. ती आत चप्पल घालून राह्यली हाये, असं वाटे. आता झाला. लाल झाला, काळा झाला, पन झाला. आता कुठं जायचं नाई.” मग त्यांनी लाल खणाकडे पाहिलं आणि हसले. “तिनं हे पाह्यलं असतं ना, तं तुमाले घराबाहेर काढलं असतं.” हसता हसता ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे, आणि मी दीर-भावजयीचा सगळा संकोच बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“अन् झालं नसतं तं?” मी नंतर विचारलं.

“तं खरंच धाडलं असतं.”

ड्रायव्हरला त्यांनीच जाऊन सांगितलं, भैया, अब नहीं जाएगा. तो तुझ्या-माझ्या सगळ्या खानदानाला नावं ठेवत गेला.

तेरवीला आत्याबाईंनी टेबल पाहिलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अहेव गेली ना व, कुंकू घेऊन, म्हनून वर लाल ठेवलं. लय समजून केलं.” बायका माना डोलवायला लागल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला. मला ते चाललं नाही. तुझ्या टेबलाला आत्याबाईंचा अर्थ चिकटलेला मला नको होता. “आत्या, चुना जास्त पडला,” मी म्हणाले. तेरवीच्या पंगतीत बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. तुला आवडलं असतं. खरं तर तूच हे बोलली असतीस आणि मी तुला डोळे वटारले असते.

तुझ्या साड्या नातलगांत वाटून टाका असं आत्याबाई म्हणत होत्या. विजयभाऊजींनी ऐकलं नाही. पाहुणे गेल्यावर टेबल तुझ्या खोलीत नेलं, आरसा बसवला, तुझ्या साड्या एकेक घडी घालून खालच्या तीन खणांत ठेवल्या. पुरुषाची घडी ती, बाह्या बाहेर लोंबणाऱ्या ब्लाउजांसकट. मी दारात उभी होते, घड्या सुधारायला हात शिवशिवत होते, पण आत गेले नाही. वरचा खण त्यांनी उघडला, रिकामाच बंद केला.

“हा तुमी केला,” म्हणाले. “हा तुमचा.”

आता रोज सकाळी, भाऊजी दुकानात गेले की मी तुझ्या खोलीत येते. लाल खण ओढते. पाण्यानं फुगलाय, अडकतो, दोन हातांनी ओढावा लागतो. माझा कंगवा त्यात असतो. आपली दारं समोरासमोर, कुंदा, तरी आपण जन्मभर उंबऱ्यावरूनच बोललो. आत या की बाई, असं तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, गॅसवर दूध आहे. आता दूध घरात उतू जातं आणि मी इथं बसून राहते. भांग पाडून होतो, तरी उठत नाही. तुझ्यावरचा राग अजून गेला नाही, जाईल असं वाटतही नाही. मला इथं तू असताना बसायचं होतं गं. तू म्हणाली असतीस, बाई, उठा, माझं टेबल आहे. मी म्हणाले असते, नाही उठत, जा. आणि एका आरशासाठी आपण सकाळभर भांडलो असतो.